वाऱ्याची दिशा पाहून मॉरिशस पाहावे

वाचकांचे प्रश्न : प्रवास

या वेळी आलेल्या पत्रांपैकी बरीचशी पत्रे मॉरिशसच्या सहलीविषयी आहेत. समुद्रकिनारी पडून राहण्यापलीकडे या बेटावर उघड्यावर काय पाहावे, काय करावे आणि काय टाळावे, हा त्यांचा समान सूर असल्यामुळे निवडक प्रश्नांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत.

प्रश्न : मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही चौघे आठवडाभर मॉरिशसला जाणार आहोत. सहल कंपनीच्या कार्यक्रमात दुसऱ्या दिवशी ‘उत्तर’, तिसऱ्या दिवशी ‘दक्षिण’ आणि चौथ्या दिवशी ‘इल ओ सर्फ’ असा क्रम ठरलेला आहे. तो जसाच्या तसा पाळावा का? (एक वाचिका, नाशिक)

उत्तर : क्रम बदलण्याची मुभा असेल तरच पैसे भरावेत, असे माझे मत आहे. हे बेट सुमारे ६५ किलोमीटर लांब आणि ४५ किलोमीटर रुंद आहे. त्यामुळे कोठेही मुक्काम केला तरी बहुतेक ठिकाणे तास-दीड तासाच्या अंतरावर येतात. ठरावीक दिवशी ठरावीक दिशा हा कंपनीच्या बसगाड्यांच्या सोयीचा प्रश्न आहे, बेटाचा नव्हे. बेटाचा स्वतःचा हिशेब वेगळा असून तो वारा, पाऊस आणि प्रवाळभित्ती या तीन गोष्टींवर चालतो.

मॉरिशसवर वर्षातील बहुतेक काळ आग्नेयेकडून व्यापारी वारे वाहतात आणि जून ते सप्टेंबर या तिकडच्या हिवाळ्यात त्यांचा जोर वाढतो. हे वारे प्रथम पूर्व किनाऱ्यावर येतात, मग मधल्या पठारावर चढतात आणि तेथे पाऊस सोडून पश्चिमेला कोरडे उतरतात. आपल्याकडे घाटमाथा भिजतो आणि पलीकडचा देश कोरडा राहतो, तोच प्रकार येथे उलट दिशेने आणि फार लहान प्रमाणावर घडतो. पश्चिम किनाऱ्यावर वर्षाला सुमारे ८०० मिलिमीटर पाऊस पडतो, तर पठाराच्या काही भागांत तो ४००० मिलिमीटरच्या घरात जातो, आणि या दोन ठिकाणांमधले अंतर गाडीने तासाभराचेही नसते. त्यामुळे पठारावरील क्युरपीप गावात स्वेटर घालून छत्री उघडावी लागली, तरी त्याच वेळी फ्लिक-आँ-फ्लाकच्या वाळूवर लख्ख ऊन असू शकते.

इल ओ सर्फ हे लहान बेट पूर्व किनाऱ्यावर, म्हणजे नेमके वाऱ्याच्या तोंडावर आहे. त्रू-द-ओ-दूस या गावातून होडीने तेथे जावे लागते. बरेच होडीवाले वाटेत ग्रँड रिव्हर साउथ-ईस्टच्या मुखाशी असलेला धबधबाही दाखवतात. वारा पडलेला असेल त्या दिवशी ही सहल अतिशय सुखाची होते; वारा असेल तर पॅरासेलिंग बंद राहते, वाळू डोळ्यांत जाते आणि परतीच्या होडीत सगळे भिजतात. म्हणून आठवड्यातील एक दिवस मोकळा ठेवावा आणि आदल्या संध्याकाळी हवामानाचा अंदाज पाहून पूर्वेकडे जायचे की नाही ते ठरवावे. मे महिन्यात वाऱ्याने अजून पुरता जोर धरलेला नसतो, ही आपल्या जमेची बाजू आहे.

तिसरी बाब प्रवाळभित्तीची. बेटाचा बहुतेक किनारा या भित्तीने वेढलेला आहे. बाहेरच्या लाटा तिच्यावर फुटतात आणि आतले पाणी उथळ व शांत राहते. छायाचित्रांत दिसणारे फिकट निळे पाणी ते हेच. दक्षिणेला सुयाक गावाजवळच्या ग्री-ग्री येथे मात्र ही भित्ती खंडित झालेली आहे आणि हिंदी महासागर थेट काळ्या खडकांवर येऊन आदळतो. ते दृश्य कड्यावर उभे राहून जरूर पाहावे, परंतु मुलांना पाण्यात पाय बुडवायलाही उतरू देऊ नये. ‘दक्षिण’ सहलीत अनेकदा हा थांबा फोटोपुरता दहा मिनिटांचा असतो आणि गर्दीत कोणी सूचना देत नाही, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

आणखी एक सांगायचे तर, हे बेट दक्षिण गोलार्धात असल्याने मे-जूनमध्ये तेथे दिवस लहान असतो आणि पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो. सकाळी दहाला हॉटेलातून निघणाऱ्या सहलीत शेवटची दोन ठिकाणे अंधुक उजेडात उरकली जातात. आठला निघण्याचा आग्रह धरावा.

प्रश्न : आम्ही दोघे निवृत्त असून पत्नीच्या गुडघ्यांना चढ-उतार झेपत नाही. आम्हाला निसर्ग पाहायचा आहे, पण पायऱ्या आणि होड्या नकोत. मॉरिशसला जाण्यात अर्थ आहे का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : निश्चित आहे. हे बेट ज्वालामुखीतून घडलेले असल्यामुळे त्याचा मधला भाग उंचावर आहे आणि तेथपर्यंत चांगले डांबरी रस्ते गेले आहेत, त्यामुळे बऱ्याच उत्तम जागा गाडीतून उतरल्यावर शे-दोनशे पावलांवर आहेत. क्युरपीपमधील त्रू ओ सर्फ या सुप्त ज्वालामुखीच्या मुखाभोवती गाडीरस्ताच आहे. झाडांनी भरलेले खोल विवर आणि दुसऱ्या बाजूला दूरवरचे डोंगर बाकावर बसून पाहता येतात. ब्लॅक रिव्हर गॉर्जेस राष्ट्रीय उद्यानातील दरीचे मुख्य दर्शनस्थळही रस्त्यालगतच आहे. मात्र पठारावर दुपारनंतर ढग उतरतात आणि मग दरीच्या जागी पांढरा पडदा तेवढा उरतो, म्हणून तेथे सकाळीच जावे.

त्याच परिसरात गंगा तलाव आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवरचे हे सरोवर ज्वालामुखीच्या मुखातच साठलेले आहे आणि महाशिवरात्रीला बेटाच्या कानाकोपऱ्यातून लोक कावडी घेऊन पायी येथे येतात. त्या दिवसांत आपली श्रद्धा असेल तर अवश्य जावे. निवांतपणे पाहायचे असेल तर ते दिवस टाळावेत, कारण रस्ते चालणाऱ्यांनी भरलेले असतात. पुढे शामारेल येथे सात रंगांची माती आहे. बेसॉल्ट खडक झिजून त्याची चिकणमाती झाली आणि तिच्यातील लोहाच्या व ॲल्युमिनियमच्या संयुगांमुळे तांबड्यापासून जांभळ्यापर्यंतच्या छटा उमटल्या, असे तिचे स्पष्टीकरण आहे. मातीवर चालायला मनाई असून कठड्यामागून पाहावे लागते. जागा लहान आहे आणि ढगाळ दिवशी रंग फिके दिसतात. जाहिरातींतील चित्रांइतकी अपेक्षा ठेवून जाऊ नये.

आपल्या दोघांसाठी माझी पहिली पसंती मात्र उत्तरेकडील पाम्प्लमूसच्या वनस्पती उद्यानाला आहे. पिएर पुआव्र या फ्रेंच प्रशासकाने अठराव्या शतकात जायफळ आणि लवंग या बेटावर रुजवण्याचा उद्योग केला, त्याचे हे केंद्र. जमीन सपाट, सावली दाट आणि बाके भरपूर. परातीएवढ्या पानांची महाकमळे आणि अनेक दशकांनी एकदाच फुलून मरणारे तालिपोट ताड ही येथील खास आकर्षणे आहेत. अर्धा दिवस सहज जातो. बाहेर पडल्यावर रस्त्याकडेच्या गाड्यावरची डाळपुरी खावी. चण्याच्या डाळीचे सारण भरलेली ही मऊ पोळी जोडीने विकतात आणि ती शाकाहारी माणसाची सर्वांत भरवशाची न्याहारी आहे.

प्रश्न : सह्याद्रीत नियमित चढाई करणाऱ्या आमच्या गटाला मॉरिशसमध्ये तीन-चार दिवस डोंगर करायचे आहेत. ल मोर्न कितपत अवघड आहे? त्याखेरीज कोणते डोंगर निवडावेत? (एक वाचक, पुणे)

उत्तर : उंचीच्या आकड्यांवरून आपण या डोंगरांना कमी लेखाल, म्हणून आधी तेच सांगतो. बेटावरील सर्वोच्च शिखर ब्लॅक रिव्हर पीक केवळ ८२८ मीटर उंच आहे. परंतु काही वाटा जवळजवळ समुद्रसपाटीपासून सुरू होतात, हवेत दमटपणा असतो, आणि पावसानंतर तांबडी माती इतकी निसरडी होते की, आपल्याकडच्या भाद्रपदातील घसाऱ्याची आठवण यावी. पठारावर पाऊस कोणत्याही महिन्यात येतो. विषारी सापांची धास्ती मात्र येथे नाही.

ल मोर्न ब्राबाँ हा नैर्ऋत्य टोकावरचा ५५६ मीटरचा सुळकेवजा डोंगर आहे. वाटेचा पहिला निम्मा भाग रुंद आणि सोपा असून तेथूनही समुद्राचे दृश्य उत्तम दिसते. त्यानंतर खडा चढ लागतो आणि हातापायांनी खडक धरत वर जावे लागते. सह्याद्रीतील कातळटप्पे केलेल्यांना तो जमेल, पण उतरताना गर्दी झाल्यास धोका वाढतो. नेहमीची वाट माथ्यापर्यंत जात नाही. लोखंडी क्रूसापाशी ती संपते आणि तेथेच थांबावे. पश्चिम बाजू कोरडी असल्याने पावसाळी दिवसांतही येथे संधी मिळते, मात्र झाडी कमी असल्यामुळे ऊन लवकर तापते. पहाटे उजाडताच चढायला लागणे उत्तम.

हा डोंगर केवळ चढाईसाठी करू नये. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकात मळ्यांतून पळालेले गुलाम याच्या कड्यांतील गुहांमध्ये लपून राहत असत, आणि त्या इतिहासामुळे युनेस्कोने २००८ मध्ये त्याला जागतिक वारशाचा दर्जा दिला. १ फेब्रुवारी १८३५ रोजी मॉरिशसमध्ये गुलामगिरी संपली. ती वार्ता सांगायला शिपाई डोंगराकडे आले, तेव्हा ते पकडायलाच आले आहेत असे समजून माणसांनी कड्यावरून उड्या घेतल्या, अशी आख्यायिका येथे सांगितली जाते. १ फेब्रुवारी हा देशाचा सुट्टीचा दिवस आहे. माथ्याजवळ आरडाओरडा करणारे गट पाहिले की ही माहिती पायथ्याशी सक्तीने वाचायला लावावी, असे वाटते.

दुसरा डोंगर म्हणून राजधानी पोर्ट लुईच्या मागे असलेला ल पूस निवडावा. अंगठ्यासारख्या आकाराचे हे ८१२ मीटरचे शिखर मोकाच्या बाजूने दीड-दोन तासांत होते आणि तेथून एका बाजूला बंदर, तर दुसऱ्या बाजूला उसाचे पठार दिसते. बीगल जहाजातून आलेला चार्ल्स डार्विन १८३६ मध्ये यावर चढला होता. शेजारचा पीटर बोथ, ज्याच्या डोक्यावर एक प्रचंड धोंडा तोलून ठेवल्यासारखा दिसतो, तो दोर आणि अनुभवी वाटाड्या असल्याशिवाय करू नये. ब्लॅक रिव्हर पीकची वाट जंगलातून जाते आणि शेवटच्या टप्प्यातच ती खरी तीव्र होते. मार्चनंतर वाटेवर तांबडे आंबटगोड चिनी पेरू पिकलेले असतात. ते खुशाल खावेत, कारण बाहेरून आलेल्या या झाडाने तेथील मूळ जंगल गिळले आहे.

प्रवासी कंपन्या ‘सात धबधब्यां’ची म्हणजे तामारँ धबधब्यांची उतरणही सुचवतात. ती सुंदर आहे, पण पठारावर पाऊस झाला की खाली ऊन असतानाही पाणी अचानक वाढते. स्थानिक वाटाड्या घ्यावा आणि त्याने ‘आज नको’ म्हटले तर हुज्जत घालू नये.

प्रश्न : दहा वर्षांच्या मुलीला डॉल्फिनसोबत पोहायचे आहे आणि मला ‘पाण्याखालचा धबधबा’ पाहायचा आहे. समुद्रतळावर चालण्याचा अनुभव सुरक्षित असतो का? (एक वाचिका, ठाणे)

उत्तर : धबधब्याचे आधी सांगतो, कारण तेथे फसगत अधिक होते. ल मोर्नजवळ वाळू आणि गाळ उथळ भागातून खोल पाण्याकडे सरकतात आणि उंचावरून पाहिल्यास पाणी दरीत कोसळत असल्याचा भास होतो. प्रत्यक्षात तेथे काहीही कोसळत नाही. हा भास हेलिकॉप्टरमधून किंवा लहान विमानातूनच नीट होतो. होडीतून तो दाखवण्याचे आश्वासन कोणी दिले, तर त्याला निळ्या रंगाच्या दोन छटा दाखवायच्या आहेत असे समजावे. हवाई सफर महाग असते. ती घ्यायचीच असेल तर सूर्य वर आलेला असताना आणि निरभ्र दिवशी घ्यावी.

डॉल्फिनविषयी माझे मत अनेकांना आवडणार नाही. पश्चिमेकडील तामारँच्या उपसागरात सकाळी दिसणारे स्पिनर डॉल्फिन रात्रभर खोल समुद्रात शिकार करून उथळ पाण्यात विश्रांतीसाठी आलेले असतात. त्याच वेळी भराभर होड्या येतात, एकमेकींच्या पुढे जाऊन कळपाची वाट अडवतात आणि माणसे त्यांच्या पुढ्यात उड्या मारतात. अंतर राखण्याचे नियम आहेत, पण हंगामात ते पाळले जातातच असे नाही. मुलीला पाण्यात न उतरवता, इंजिन मंद ठेवून दुरून पाहू देणारी होडी शोधावी आणि हे बोलणे आदल्या दिवशीच, पैसे देण्यापूर्वी करावे. तिला पोहायचेच असेल तर आग्नेयेकडील ब्लू बे सागरी उद्यानात घेऊन जावे. तेथील प्रवाळ आणि मासे तोंडाला नळी लावून सहज दिसतात. पाण्याची भीती असणाऱ्यांसाठी काचेच्या तळाच्या होड्या आहेत. विमानतळ तेथून अगदी जवळ असल्यामुळे परतीच्या दिवशीची सकाळही सत्कारणी लागते.

समुद्रतळावर चालण्यासाठी जड शिरस्त्राण घालतात व वरच्या नावेतून त्यात हवा सोडतात. खोली साधारण तीन-चार मीटर असते आणि पोहता येणे आवश्यक नसते. सर्दी झालेली असल्यास किंवा कान दुखत असल्यास उतरू नये. दमा किंवा हृदयविकार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुळीच नाही. लहान मुलांसाठी वयाची अट प्रत्येक ठिकाणी वेगळी असते, ती आधी विचारावी. टाकी पाठीवर घेऊन खोल बुडी मारणार असाल तर त्यानंतर किमान १८ तास, शक्यतो पूर्ण दिवस, विमानप्रवास करू नये.

उथळ पाण्यात सर्वांनी रबरी तळव्यांचे बूट घालावेत. दगडासारखा दिसणारा विषारी काट्यांचा स्टोनफिश आणि समुद्री साळू हे दोन्ही येथे आढळतात. काटा लागल्यास सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवावा आणि लगेच दवाखाना गाठावा.

प्रश्न : नाताळच्या सुट्टीत गेलो तर चक्रीवादळाची भीती किती? (एक वाचक, लातूर)

उत्तर : वादळांचा हंगाम नोव्हेंबर ते एप्रिल असला तरी मुख्य जोर जानेवारी ते मार्चमध्ये असतो; डिसेंबरअखेर उकाडा, गर्दी आणि वाढलेले दर हीच मोठी अडचण ठरते. जानेवारी २०२४ मध्ये ‘बेलाल’ वादळाच्या वेळी पोर्ट लुईच्या रस्त्यांवर गाड्या वाहून गेल्या होत्या, तेव्हा हवामान खात्याचा इशारा आल्यास हॉटेलातच थांबावे. तारखा आपल्या हाती असतील तर दिवाळीची सुट्टी निवडावी. ऑक्टोबर हा तेथील सर्वांत कोरड्या महिन्यांपैकी एक असून वाराही तोपर्यंत उतरलेला असतो.

प्रश्न : आमच्या गावातील काही घराण्यांतील माणसे पूर्वी ‘मिरीचला’, म्हणजे मॉरिशसला, गेल्याचे सांगतात. सहलीत त्या इतिहासाशी संबंधित काही पाहता येईल का? (एक वाचक, रत्नागिरी जिल्हा)

उत्तर : पोर्ट लुई बंदरातील अप्रवासी घाटापासून सुरुवात करावी. गुलामगिरी संपुष्टात येत असताना उसाच्या मळ्यांसाठी १८३४ पासून करारावर मजूर आणले गेले आणि विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत जवळजवळ पाच लाख माणसे या मार्गाने बेटावर उतरली. त्यातील बहुसंख्य भोजपुरी आणि तमिळ-तेलुगू मुलखांतील असली तरी मुंबई बंदरातून कोकणातील माणसेही गेली. ज्या दगडी पायऱ्यांवरून ही माणसे बोटीतून उतरून आत गेली, त्या सोळा पायऱ्या आजही पाहता येतात. युनेस्कोने २००६ मध्ये या स्थळाची जागतिक वारसा म्हणून नोंद केली. जागा छोटी आहे, परंतु शेजारच्या माहिती केंद्रासह दोन तास राखून ठेवावेत, आणि सार्वजनिक सुट्ट्या पाहून जावे.

मराठी वस्ती मुख्यतः पश्चिमेकडील ब्लॅक रिव्हर परिसरात आणि पठारावर व्हाक्वाच्या बाजूला वाढली. कास्कावेल हे त्यांतील जुने गाव मानले जाते. आज या समाजाच्या घरांतही बोलणे बहुतांशी क्रेओल या तेथील बोलीत चालते, तरी शाळांतून मराठी शिकवली जाते आणि गणेश चतुर्थी ही तेथे देशभराची सार्वजनिक सुट्टी आहे. आपल्याकडच्या जाखडी या लोकनृत्याचे तेथील रूप, ज्याला ते झाकरी म्हणतात, त्याच दिवसांत पाहायला मिळते. गणपतीच्या सुमारास गेल्यास विसर्जनाच्या दिवशी पश्चिमेच्या किनाऱ्यावर थांबावे. तेथील वाळूवर कोकणासारखीच सुरूची झाडे आहेत. भरतीरेषेखालची वाळू कायद्याने सर्वांसाठी खुली आहे, त्यामुळे समोर कोणतेही हॉटेल असले तरी तेथे उभे राहायला हरकत घेतली जात नाही. मात्र घरगुती पूजेत आमंत्रणाशिवाय शिरू नये. ओळख काढून आधी फोन केला, तर जेवायला बसवल्याशिवाय सोडत नाहीत.

प्रश्न : सर्व सहलींच्या यादीत नसलेली, पण चुकवू नये अशी एखादी जागा सुचवा. (एक वाचिका, पणजी)

उत्तर : इल ओ एग्रेत. आग्नेय किनाऱ्यापासून एखादा किलोमीटरही दूर नसलेले, सुमारे २६ हेक्टरचे हे प्रवाळी चुनखडकाचे बेट संरक्षित आहे आणि मॉरिशियन वाइल्डलाइफ फाउंडेशनच्या मार्गदर्शकाबरोबरच तेथे जाता येते. येथे पोहणे नाही, वाळू नाही, जेवण नाही. माणूस येण्यापूर्वी मॉरिशसच्या किनाऱ्यावरचे रान कसे होते, ते येथे पुन्हा उभे केले जात आहे. डचांनी सतराव्या शतकात बेसुमार तोडलेल्या आबनूसाची झाडे येथे हळूहळू वाढत आहेत, आणि त्यांच्या बिया पसरवण्याचे काम अल्दाब्रा बेटांवरून आणलेली महाकाय कासवे करतात. मॉरिशसची स्वतःची कासवे डोडोप्रमाणेच नष्ट झाली असल्यामुळे ही उसनवारी करावी लागली. फळे कासवाच्या पोटातून जाऊन बाहेर पडली की बी अधिक चांगले रुजते. एके काळी जंगलात जेमतेम दहाच्या आसपास उरलेले गुलाबी कबुतर येथे फांदीवर बसलेले दिसते. केस्ट्रेल या शिकारी पक्ष्याची तर १९७४ मध्ये जंगलात केवळ चारांची नोंद होती, तोही आता पूर्वेकडील डोंगरांत पुन्हा आढळतो.

जुलै २०२० मध्ये ‘वाकाशिओ’ हे मालवाहू जहाज येथून जवळच प्रवाळभित्तीवर चढले आणि ऑगस्टमध्ये त्यातून सुमारे हजार टन इंधनतेल समुद्रात गेले. त्या वेळी किनाऱ्यावरच्या लोकांनी उसाची पाती कापडात भरून तेल अडवण्याचे तरंगते बांध शिवले होते. बेटावरील मार्गदर्शकांना त्याबद्दल विचारावे, ते मनापासून सांगतात. होडी ब्लू बेपासून थोड्या अंतरावर असलेल्या पॉइंट जेरोम येथून सुटते, जागा मर्यादित असतात, म्हणून एक-दोन दिवस आधी नोंदणी करावी आणि सकाळची फेरी घ्यावी. डासांचे मलम, पाणी आणि बंद बूट बरोबर असू द्यावेत, कारण वाट टोकदार प्रवाळी दगडांवरून जाते.